ग्राइंडिंग व्हील कशाचे बनते आणि कामाप्रमाणे ते कसे निवडावे

ग्राइंडिंग व्हीलच्या लेबलावर ‘ए ४६ के ५ व्ही’ यासारखी एक छोटी ओळ छापलेली असते. दाणा कशाचा आहे, किती जाड आहे, किती घट्ट धरलेला आहे, किती विरळ बसवलेला आहे आणि कशाने बांधलेला आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे त्या ओळीत याच क्रमाने दिलेली असतात. तरीही व्यास, जाडी आणि मधले भोक एवढेच पाहून व्हील मागवण्याची पद्धत सर्रास दिसते. मग जॉब, म्हणजे घासायचा भाग, काळा पडला, व्हील काचेसारखे गुळगुळीत झाले किंवा पाहता पाहता झिजून गेले, की दोष मालाच्या दर्जाला दिला जातो. बहुतेक वेळा व्हील उत्तम असते, फक्त ते त्या कामासाठी बनवलेले नसते. म्हणून व्हील ज्या पदार्थांपासून बनते ते आधी समजून घ्यावेत आणि मगच निवड करावी.

निवडीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. व्हील किती कठीण आहे यापेक्षा ते कसे झिजते हे महत्त्वाचे असते. व्हीलमधला प्रत्येक दाणा हे एक छोटे कापणारे हत्यार असते. ते बोथट झाले की त्याच्यावरचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने दाण्याने एक तर स्वतः फुटून नवी धार उघडी करावी, किंवा बंधातून, म्हणजे दाण्यांना धरून ठेवणाऱ्या पदार्थातून, निसटून मागच्या ताज्या दाण्याला जागा द्यावी, अशी अपेक्षा असते. हे वेळेवर घडले तर व्हील स्वतःला धार लावत राहते. उशिरा घडले तर कापण्याऐवजी नुसते घासणे सुरू होऊन उष्णता वाढते, आणि फार लवकर घडले तर धडधाकट दाणे वाया जातात. दाणा, बंध आणि त्यांच्यामधली पोकळी या तिन्हींचे पदार्थ व प्रमाण ठरवताना कारखानदार याच वेळेचा हिशेब करत असतो.

दाण्याची निवड

दाणा नेहमी जॉबच्या धातूवरून ठरवावा. पोलाद आणि पोलादाची मिश्रणे यांच्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड (लेबलावरचे ‘ए’), तर बीड, पितळ, ॲल्युमिनियम, दगड, काच आणि रबर यांच्यासाठी सिलिकॉन कार्बाइड, हा पहिला ढोबळ नियम आहे आणि तो बहुतेक कामांत खरा ठरतो.

निसर्गात सापडणारे कुरुंद आणि एमरी हेही मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच आहेत. पण खाणीतल्या दगडात इतर खनिजांची भेसळ कमीजास्त असते, त्यामुळे एका व्हीलसारखे दुसरे व्हील बनवणे अवघड जात असे. विद्युत भट्टीत तयार होणाऱ्या दाण्याने ती अडचण दूर केली. बॉक्साइटमध्ये थोडा कोक आणि लोखंडाचा कीस मिसळून ते मिश्रण विद्युत ठिणगीच्या भट्टीत २,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळवतात. बॉक्साइटमधली लोह आणि सिलिका ही अशुद्धी जड मिश्रधातूच्या रूपाने तळाशी बसते आणि वर उरलेला रस थंड होऊन त्याचा तपकिरी खडक होतो. तो फोडून, चाळून जो दाणा मिळतो त्यात सुमारे ९५ टक्के ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि दोनतीन टक्के टायटॅनियम ऑक्साइड असते. या थोड्याशा टायटॅनियममुळे तपकिरी दाणा चिवट होतो आणि सहजासहजी फुटत नाही. साधे पोलाद, वेल्डिंगचे टाके, ओतकामाचे पोलादी सुळे (ओतीव भागावर बाहेर उरलेली टोके) घासणे अशा दाबाच्या कामांना तो योग्य ठरतो.

पांढरा दाणा बॉक्साइटऐवजी आधीच शुद्ध केलेल्या ॲल्युमिनापासून वितळवतात आणि त्यात ९९ टक्क्यांहून अधिक ॲल्युमिनियम ऑक्साइड असते. तो ठिसूळ असतो, आणि इथे ठिसूळपणा हा गुण आहे. कडक केलेले टूल स्टील किंवा हायस्पीड स्टील घासताना उष्णता साठू देणे परवडत नाही. पांढरा दाणा थोड्या दाबानेही फुटून ताजी धार पुढे करतो, म्हणून जॉब थंड राहतो. त्यात थोडे क्रोमियम ऑक्साइड घातले की गुलाबी दाणा मिळतो, तो पांढऱ्यापेक्षा किंचित चिवट असतो. रंगाबाबत एक सावधगिरी मात्र बाळगावी: काही कारखाने बंधात रंग मिसळतात, त्यामुळे व्हील निळे किंवा लाल दिसले म्हणून दाणा ओळखला असे समजू नये. लेबलच वाचावे.

सिलिकॉन कार्बाइडचा शोध १८९१ मध्ये एडवर्ड ॲचिसन यांनी लावला. चिनी माती आणि कोक यांचे मिश्रण विजेने तापवताना कार्बनच्या कांडीवर त्यांना चमकदार, अतिशय कठीण स्फटिक आढळले, आणि १८९३ मध्ये त्यांना या पदार्थाचे पेटंट मिळाले. आजही हा दाणा मुळात त्याच रीतीने तयार होतो. शुद्ध वाळू आणि पेट्रोलियम कोक यांचा लांबलचक ढीग रचून त्याच्या मधोमध ग्रॅफाइटचा गाभा ठेवतात आणि त्यातून दीर्घकाळ वीज सोडतात. गाभ्याभोवतीचे तापमान २,००० अंशांच्या बरेच वर जाते, वाळूतला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि सिलिकॉन व कार्बन यांचे स्फटिक वाढतात. गाभ्याला लागून असलेला माल सर्वांत शुद्ध असतो, बाहेर जावे तसा कस उतरतो. अतिशुद्ध दाणा हिरवा आणि थोडा कमी शुद्ध दाणा काळा दिसतो. बीड आणि पितळ यांना काळा दाणा पुरतो, हिरवा दाणा कार्बाइडच्या टूलला धार लावण्यासाठी राखून ठेवावा.

नूप मापनात ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठीणता सुमारे २,१०० आणि सिलिकॉन कार्बाइडची सुमारे २,५०० भरते. मग अधिक कठीण दाणा पोलादावर का वापरू नये, हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो. याचे उत्तर रसायनात आहे. ग्राइंडिंगच्या टोकावरच्या तापमानाला लोखंड कार्बन शोषून घेते, त्यामुळे सिलिकॉन कार्बाइडच्या धारा पोलादावर यांत्रिक झिजेच्या आधीच रासायनिक रीतीने बोथट होतात. बिडात कार्बन मुळातच भरपूर असल्याने तिथे ही ओढ कमी पडते. शिवाय सिलिकॉन कार्बाइडचा दाणा टोकदार आणि ठिसूळ असतो. कमी ताणशक्तीच्या धातूत तो सहज शिरतो, पण चिवट पोलादाच्या दाबाखाली त्याच्या कडा उडतात.

हाच नियम हिऱ्यालाही लागू पडतो. हिरा सर्वांत कठीण आहे, नूप मापनात तो ७,००० च्या वर जातो, पण तो शुद्ध कार्बन आहे. त्यामुळे पोलाद घासण्यासाठी हिऱ्याचे व्हील घेणे म्हणजे पैसे जाळणे होय. हिरा टंगस्टन कार्बाइड, सिरॅमिक, काच, दगड आणि काँक्रीट यांच्यासाठी वापरावा. कडक पोलादासाठी क्यूबिक बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन, हा दाणा आहे. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी तो १९५७ मध्ये प्रथम तयार केला. त्याची कठीणता सुमारे ४,७०० आहे आणि लोखंडाशी त्याची तशी रासायनिक ओढ नसते. मात्र फार तापलेल्या अवस्थेत पाण्याच्या वाफेचा त्याच्यावर परिणाम होतो, म्हणून शक्य तिथे त्याला तेलाचे कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, द्यावे. हे दोन्ही दाणे महाग असल्यामुळे ते व्हीलभर न वापरता धातूच्या किंवा रेझिनच्या चकतीवर फक्त काही मिलिमीटरच्या पट्ट्यात बसवतात. त्या पट्ट्यात घनसेंटिमीटरला ४.४ कॅरट दाणा असेल तर त्याचे प्रमाण १०० असे लेबलावर लिहितात. त्या १०० चा अर्थ शंभर टक्के असा नसून पट्ट्याच्या आकारमानाचा चौथा हिस्सा असा आहे, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

साधे दाणे आणि हे महाग दाणे या दोन टोकांच्या मध्ये आणखी दोन दाणे येतात. ॲल्युमिना आणि झिर्कोनिया एकत्र वितळवून तो रस अतिशय वेगाने थंड केला की बारीक घडणीचा, विलक्षण चिवट दाणा तयार होतो. ओतकामाचे जाड सुळे उडवण्यासाठी आणि स्टेनलेस स्टीलवर चालणाऱ्या फ्लॅप डिस्कसाठी तो उत्तम आहे, पण हलक्या हाताने चालवला तर फुटतच नाही आणि चकाकू लागतो. दुसरा म्हणजे १९८० च्या दशकात बाजारात आलेला सिरॅमिक ॲल्युमिना. तो वितळवून नव्हे, तर रासायनिक जेलपासून भाजून बनवतात आणि त्यातले स्फटिक एक मायक्रॉनहूनही लहान असतात. वितळवलेला दाणा फुटताना मोठा तुकडा उडतो, सिरॅमिक दाण्याची मात्र कणाकणाने झीज होते आणि प्रत्येक कणामागे नवी धार उघडी पडते. त्यासाठी पुरेसा दाब लागतो, म्हणून अशक्त मशीनवर हा दाणा घेऊन उपयोग होत नाही.

दाण्याची जाडी

लेबलावरचा दुसरा आकडा चाळणीचा आहे. एक इंच लांबीत जितकी छिद्रे तितका तो आकडा, म्हणून आकडा वाढेल तसा दाणा बारीक होतो. ३६ नंबरचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा आणि ६० नंबरचा पाव मिलिमीटरचा असतो. धातू भराभर काढायचा असेल तर १६ ते २४, सर्वसाधारण कामाला ३६ ते ६०, बारीक फिनिश आणि टोकदार कोपरे राखायचे असतील तर ८० ते १८० घ्यावा. मऊ आणि चिवट धातूला जाड दाणा, कठीण व ठिसूळ धातूला बारीक दाणा द्यावा, कारण कठीण धातूत जाड दाणाही खोल शिरू शकत नाही, तिथे टोकांची संख्या उपयोगी पडते. सँडपेपरचे नंबर ‘पी’ अक्षराने लिहितात. ती मोजपट्टी वेगळी आहे आणि बारीक नंबरांत दोन्हींमधला फरक बराच वाढतो, म्हणून व्हीलचा आणि कागदाचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नये.

बंध

दाण्याइतकेच लक्ष बंधाकडे द्यायला हवे. प्रत्यक्षात त्याच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते.

‘व्ही’ म्हणजे व्हिट्रिफाइड, अर्थात भाजून काच झालेला मातीचा बंध. दाण्यांमध्ये चिनी माती, फेल्स्पार आणि काचेची पूड मिसळतात, कच्चे व्हील हाताळताना सुटू नये म्हणून थोडे डेक्स्ट्रिन आणि पाणी घालतात, ठरलेल्या वजनाचे मिश्रण साच्यात दाबतात आणि वाळवून भट्टीत लावतात. जास्त पोकळी हवी असेल तर जळून जाणारा एखादा पदार्थ मिश्रणात घालतात, तो भट्टीत नाहीसा होतो आणि त्याची जागा रिकामी राहते. पारंपरिक बंधाला सुमारे १,२०० ते १,३०० अंशांची आच लागते आणि तापवणे व थंड करणे दोन्ही अतिशय सावकाश करावे लागते, नाहीतर आतल्या आत तडे जातात. भट्टीत ती माती वितळून दाण्यादाण्यांमध्ये काचेचे सूक्ष्म पूल तयार होतात. या बंधाला पाणी आणि तेल बाधत नाही, तो आकार अचूक राखतो आणि त्यातल्या पोकळीत कूलंट व कीस दोन्ही सामावतात. नेमक्या मापाचे जवळजवळ सर्व ग्राइंडिंग याच बंधावर होते. धक्का आणि अचानक तापमानबदल मात्र त्याला सहन होत नाही. तो काचेचाच असल्यामुळे, एकदा हातातून पडलेले व्हील वरून साबूत दिसले तरी तपासल्याशिवाय मशीनवर चढवू नये.

‘बी’ म्हणजे रेझिनॉइड, म्हणजे फिनॉलिक रेझिनचा बंध. दाण्यांना आधी पातळ रेझिनने ओले करून त्यांच्यावर रेझिनची पूड चढवतात, दाबून आकार देतात आणि १५० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पक्के करतात. हा बंध किंचित लवचीक असतो, म्हणून तो धक्के आणि जास्त वेग सहन करतो. हाताने धरायच्या अँगल ग्राइंडरच्या डिस्क याच बंधाच्या असतात. त्यांच्यात काचेच्या धाग्यांची जाळी घातलेली असेल तर लेबलावर ‘बीएफ’ असे लिहितात. क्रायोलाइट किंवा लोहाचा सल्फाइड यांसारखी भर घातलेली असते, ती कापण्याच्या उष्णतेत काम सुकर करते. टोकावरच्या उष्णतेने रेझिन जळून मऊ होते आणि बोथट दाणा सुटतो, हीच त्याची धार लावण्याची रीत. उलट बाजू अशी की जास्त क्षारयुक्त कूलंट आणि दमट हवा या बंधाला हळूहळू कमकुवत करतात.

रबराच्या बंधावर, म्हणजे ‘आर’वर, फार पातळ कटिंग व्हील आणि सेंटरलेस ग्राइंडिंगमधली (जॉब टोकांना न पकडता दोन व्हीलमध्ये घासण्याच्या पद्धतीतली) नियंत्रक व्हील बनतात. लाखेचा बंध ‘ई’ने दाखवतात, रोल आणि सुरी-कात्रीच्या पात्यांवर अतिशय नितळ फिनिश देण्यासाठी तो अजूनही वापरला जातो. हिरा आणि सीबीएन यांच्यासाठी धातूचा बंध किंवा निकेलचा मुलामा असतो. मुलाम्याच्या व्हीलवर दाण्यांचा एकच थर असतो, म्हणून त्याचे ड्रेसिंग, म्हणजे हिऱ्याने वरचा थर काढून ताजे दाणे उघडे करणे, करायचे नसते.

कागद, कापड आणि फायबर यांवरच्या अपघर्षकांतही दाणा आणि बंध हीच जोडी असते. पाठीवर चिकट थर देतात, विजेच्या क्षेत्राने दाणे टोके वर करून त्यात रोवतात आणि त्यावर पक्का करणारा दुसरा थर चढवतात. निवडीचा नियम तोच राहतो, फक्त इथे बोथट दाण्यामागे दुसरा ताजा दाणा नसतो.

ग्रेड आणि घडण

‘ए ४६ के ५ व्ही’ मधला ‘के’ हा ग्रेड आहे. ए पासून झेड पर्यंत बंधाची पकड वाढत जाते. मऊ किंवा कडक हे शब्द इथे दाण्याला उद्देशून नसून पकडीला उद्देशून असतात, आणि हा घोटाळा दूर झाला की निम्मी निवड सोपी होते. कठीण जॉबला मऊ व्हील आणि मऊ जॉबला कडक व्हील द्यावे, कारण कठीण धातूवर दाणे लवकर बोथट होतात आणि ते लवकर सुटणेच हिताचे असते. व्हील आणि जॉब यांचा स्पर्श जितका रुंद तितके व्हील मऊ आणि दाणा जाड हवा. गोल शाफ्टवर स्पर्श अगदी चिंचोळा असतो, सरफेस ग्राइंडरवर त्याहून रुंद आणि कप व्हीलने (वाटीच्या आकाराच्या व्हीलने) घासताना सर्वांत रुंद, म्हणून एकाच पोलादाला या तीन ठिकाणी तीन वेगळे ग्रेड लागू शकतात.

ग्रेडनंतरचा आकडा घडणीचा आहे. आकडा वाढेल तसे दाणे विरळ होतात, प्रत्येक अंकाला दाण्यांचा वाटा साधारण दोन टक्क्यांनी कमी होतो. मऊ, चिवट धातू आणि रुंद स्पर्श यांना विरळ घडण द्यावी, म्हणजे किसाला जागा मिळते.

आता हे सर्व एकत्र करून पाहावे. कडक केलेल्या टूल स्टीलची चपटी बाजू सरफेस ग्राइंडरवर घासायची आहे. धातू पोलाद असल्याने ॲल्युमिनियम ऑक्साइड, कडक आणि उष्णतेला नाजूक असल्याने त्यातला पांढरा, सर्वसाधारण फिनिशसाठी ४६, कठीण जॉब आणि रुंद स्पर्श यांमुळे मऊ ग्रेड म्हणजे एच ते जे, किसाला जागा हवी म्हणून घडण ८ आणि अचूकतेसाठी व्हिट्रिफाइड: डब्ल्यूए ४६ आय ८ व्ही. त्याच पद्धतीने साध्या पोलादी शाफ्टच्या सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला ए ६० एल ५ व्ही, बेंच ग्राइंडरवर छिन्नी आणि ड्रिलला धार लावायला एका बाजूला ए ३६ आणि दुसऱ्या बाजूला ए ६० मध्यम ग्रेडमध्ये, तर ओतकामाचे पोलादी सुळे काढायला ए २४ आर बी येथून सुरुवात करावी. ही सुरुवात आहे, अंतिम निवड व्हीलच्या वागण्यावरून ठरते.

व्हीलचे वागणे वाचणे

व्हील थांबवून त्याचा चेहरा, म्हणजे कापणारा पृष्ठभाग, तिरप्या उजेडात पाहावा. दाण्यांची टोके सपाट होऊन आरशासारखी चमकत असतील तर व्हील चकाकले आहे, म्हणजेच पकड गरजेपेक्षा घट्ट आहे. पोकळीत जॉबच्या धातूचे ठिपके रुतलेले दिसत असतील तर ते भरले आहे, म्हणजे दाणा बारीक, घडण दाट किंवा कूलंट अपुरे आहे. चेहरा स्वच्छ असूनही व्यास भराभर कमी होत असेल तर ग्रेड मऊ पडतो आहे. नवे व्हील मागवण्याआधी मशीनवर एक उपाय करून पाहावा. जॉबचा वेग वाढवला किंवा व्हीलचा वेग कमी केला की व्हील मऊ असल्यासारखे वागते, उलट केले की कडक असल्यासारखे. व्हीलचा वेग मात्र लेबलावरच्या मर्यादेच्या वर कधीही नेऊ नये.

जॉबवरचा रंगही बोलतो. पोलादावर फिकट पिवळी झाक आली तर पृष्ठभाग सुमारे २२० अंशांपर्यंत, निळी आली तर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापला होता असे समजावे. हा रंग हलक्या पासने, म्हणजे जॉबवरून व्हीलच्या एका हलक्या फेरीने, पुसता येतो, पण त्याखालचा मऊ पडलेला थर आणि कधीकधी केसासारखे तडे तसेच राहतात. रंग दिसेनासा झाला म्हणून जॉब पुढे पाठवणे ही मोठी चूक ठरू शकते, विशेषतः तो भार पेलणारा भाग असेल तर.

ड्रेसिंग ही व्हीलची दुसरी निवडच असते. एकटोकी हिरा फिरण्याच्या दिशेला १० ते १५ अंश झुकवून लावावा, एका पासला ०.०२ मिलिमीटरच्या आसपास काप घ्यावा आणि हिरा वेळोवेळी स्वतःभोवती थोडा फिरवत जावा, म्हणजे त्याला सपाट टोक येत नाही. हिरा झपाट्याने सरकवला तर चेहरा खरखरीत आणि चांगला कापणारा होतो, सावकाश सरकवला तर फिनिश सुधारते पण जॉब तापतो. कूलंट आधी सुरू करावे आणि मध्ये खंड पडू देऊ नये, तापलेल्या हिऱ्यावर अचानक पाणी पडले की तो तडकतो.

चढवण्यापूर्वी आणि चढवताना

व्हिट्रिफाइड व्हीलची नाद-चाचणी दर वेळी करावी. व्हील कोरडे आणि स्वच्छ असावे. लहान व्हील भोकात बोट घालून टांगावे, जड व्हील स्वच्छ कठीण फरशीवर उभे करावे. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिलिमीटर आत, लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्यावी, मग व्हील ४५ अंश फिरवून पुन्हा तेच करावे. साबूत व्हील स्वच्छ, टिकणारा नाद देते. नाद फुटका किंवा बद्द आला तर ते व्हील त्या क्षणी बाजूला काढून त्याच्यावर तशी खूण करावी. रेझिन आणि रबराची व्हील मुळातच दबका आवाज देतात, त्यांची तुलना त्याच मापाच्या नव्या व्हीलशी करावी आणि डोळ्यांनीही नीट तपासावे.

त्यानंतर वेग पाहावा. मीटरमधला व्यास, ३.१४ आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून ६० ने भागले की परिघाचा वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. ३०० मिलिमीटरचे व्हील २,१०० फेऱ्यांना ३३ मीटर वेग देते, आणि साध्या व्हिट्रिफाइड व्हीलची मर्यादा बहुधा ३३ ते ३५ मीटरच्या आसपास असते. तेच व्हील झिजून २०० मिलिमीटर झाले की वेग २२ मीटरवर उतरतो, आणि शेवटी शेवटी व्हील मऊ पडल्याचे जे जाणवते त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. वाढीव वेगाच्या व्हीलवर रंगीत पट्टी असते: निळी ५०, पिवळी ६३, तांबडी ८० आणि हिरवी १०० मीटरसाठी. १२५ मिलिमीटरच्या ८० मीटरवाल्या डिस्कवर सुमारे १२,२०० फेरे लिहिलेले दिसतात ते याच हिशेबाने.

व्हील स्पिंडलवर आपोआप सरकले पाहिजे, ठोकून बसवू नये. व्हीलला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन्ही फ्लँज एकाच व्यासाचे आणि व्हीलच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश असावेत, त्यांच्या आणि व्हीलच्या मध्ये कागदी ब्लॉटर असावा आणि नट गरजेपुरताच आवळावा. गार्ड लावून, स्वतः व्हीलच्या रेषेतून बाजूला उभे राहून, निदान एक मिनिट रिकामे चालवावे. बेंच ग्राइंडरवर वर्क रेस्ट (जॉब टेकवण्याचा आधार) आणि व्हील यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, नाहीतर जॉब त्यात ओढला जातो, आणि ती फट व्हील थांबवूनच साधावी. सरळ व्हीलच्या बाजूवर किंवा कटिंग डिस्कच्या बाजूने कधीही घासू नये, कारण आडवा दाब सोसण्यासाठी त्यांची रचनाच केलेली नसते. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकाच ग्राइंडरवर आलटूनपालटून घासणेही टाळावे. ॲल्युमिनियमची साठलेली धूळ पोलादाच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. टंगस्टन कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असते, त्यामुळे तिथे धूळ ओढून घेणारी व्यवस्था आणि योग्य मास्क दोन्ही हवेत.

काम संपवताना आधी कूलंट बंद करावे आणि व्हील काही मिनिटे तसेच फिरू द्यावे. थांबलेल्या सच्छिद्र व्हीलमधले पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरते आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताना ते व्हील असंतुलित होऊन थरथरते. साठवताना व्हिट्रिफाइड व्हील कोरड्या जागी, रॅकमध्ये कडेवर उभी ठेवावीत, रेझिनच्या पातळ डिस्क मात्र सपाट पत्र्यावर आडव्या ठेवाव्यात, कारण त्या उभ्या राहून वाकतात. हाताच्या मशीनवरच्या रेझिन डिस्कच्या भोकाभोवती जी धातूची कडी असते तिच्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. ही मुदत उत्पादनापासून जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. व्हिट्रिफाइड व्हील कोरडे आणि साबूत राहिले तर त्याला अशी मुदत नसते, पण रेझिनची मुदत उलटलेली डिस्क न वापरलेली असली तरी मोडून टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा कोणाच्या मशीनवर चढणार नाही.